शिट्टीची दोरी

टोरांटो ते मेलबर्न:
सोळा हजार आणि वर काहीतरी किलोमीटर.
थेट विमान नाही. मध्ये एकदा उतरायचं,
धरून चाला बावीस-चोवीस तास,
पुढे ढगाची मर्जी.

शेजारच्या जितूनं मोबाइलवर काढून दिलं
आणि विचारलं,
"आबा, तुमले कथा जानं शे?"

मला कुठेच जायचं नाही.
मी चाळीसगाव–धुळे पॅसेंजरचा गार्ड.
छप्पन्न किलोमीटर.
भोरस, जामदा, राजमाने, मोरदड तांडा,
शिरूड, बोरविहीर, मोहाडी, धुळे.
आणि परत.
एकतीस वर्षं शेवटच्या डब्यात उभा राहिलो.
पुढचं कधी दिसलं नाही,
मागे पडत जाणारं तेवढं पाहिलं.

रद्दीवाल्याकडून चाळीस रुपयांत पृथ्वी आणली.
तिच्यावर अजून सोव्हिएत रशिया आहे,
उत्तर ध्रुवाचा खिळा गंजलाय.
चाळीसगाव नव्हतंच,
ते मी बॉलपेननं केलं.

मापायला शिट्टीची दोरी काढली.
एक टोक टोरांटोवर, तिथे वैजू.
ताणून मेलबर्नवर अंगठा, तिथे युवराज.
एक वीत, दोन बोटं.
उरलेल्या दोरीला शिट्टी,
अंटार्क्टिकाच्या खाली लोंबत.
दोरी सगळी पाण्यावरून गेली.
आमच्या बाजूला फिरकलीच नाही.

मग बॉलपेनच्या टिंबावरून वळवून पाहिली.
दीड वीत.
जवळजवळ सहा हजार किलोमीटरचा वळसा.
एवढ्यासाठी कोण येतं इकडून?

बहीणभावात चार वर्षं बोलणं नाही.

जानेवारी होता. युवराज आधीच आला होता.
वैजू तिकडे बर्फात अडकलेली,
विमानतळावरच्या खुर्चीत, पायात दोन मोजे घालून.
यांची आई दर तासाला डोळे उघडायची,
"अंडेर उनी का?"
मग विचारायची थांबली.

सकाळी माणसं जमली. कुणी घड्याळ पाहिलं,
कुणी ऊन पाहिलं.
युवराजनं माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली.

एकोणीस तासांनी वैजू आली.
अंगणात टाकलेल्या सतरंज्या
तोवर मंडपवाल्यानं उचलून नेल्या होत्या.

भावानं घाई केली, असं ती म्हणाली.
तो काही बोलला नाही.
मीही नाही.

गार्डाची झेंडी हलल्याशिवाय
ड्रायव्हर चाक हलवत नाही,
हे पोरांना मी लहानपणीच शिकवलं होतं.
एकाच्या लक्षात राहिलं.

गार्डाच्या डायरीत उशिराचा रकाना असतो.
कारण लिहावं लागतं:
सिग्नल मिळाला नाही. रुळावर म्हशी.
इंजिन तापलं.
वेळेवर सुटलेल्या गाडीचं कारण
कुणी विचारत नाही.

आज रविवार. पावणेसात झाले.
वैजूकडे सकाळचे सव्वानऊ,
युवराजकडे रात्रीचे सव्वाअकरा.
दोघं जागे असतील असा हा एवढाच तुकडा,
क्रॉसिंगला मेल थांबावी तेवढा.
रोज येतो, रोज निघून जातो,
मी रोज फलाटावर.

"जितू, दोघास्ले एकदम लागी का रे फोन?"
"लागी ना आबा."

टोरांटो उचलतं.
मेलबर्न वाजत राहतं, वाजत राहतं, उचलतं.
"आबा?"
दोन्हीकडून, एकदम.
मग एकमेकांचा आवाज ऐकून दोघं गप्प.
जामदा ते राजमाने जायला लागतो
तेवढा वेळ गप्प.

शिट्टी मुठीत ओली झालीय.
मी खाकरतो.